चित्रवहीची वहिवाट

चित्रकला ही देवाची देणगी, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. एखाद्या मुलीने चांगले चित्र काढले की, ‘हिच्या हातात कलाच आहे हो!’ असे आपण म्हणतो. दुसरीला जमले नाही की, ‘तिचा तो पिंडच नव्हे,’ असे म्हणून मोकळ्या होतो. गोल पोळी लाटता येणे ही देणगी आहे, असे मात्र कोणी म्हणत नाही. ती आईच्या शेजारी बसून, तिचा हात पाहून, आणि मग चार महिने आपल्या वेड्यावाकड्या पोळ्या घरच्यांना खाऊ घालून येते. चित्राचेही तसेच आहे. शिकविणाऱ्याचा हात प्रत्यक्ष चालताना पाहावयाचा, आणि नंतर रोज आपल्या वहीत आपणच काढावयाचे, या दोन पायांवर ही विद्या आजवर चालत आली आहे. आपल्या मुलखात ती कशी चालत आली, आणि त्या वाटेवर स्त्री कोठे होती, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडक्यात पाहावयाचे आहे.

पुसली जाणारी रेषा

पहिली गोष्ट अशी की, महाराष्ट्रात रेषेचा सर्वांत जुना आणि सर्वांत नियमित अभ्यास कोणी केला असेल तर तो बायकांनी. दारातली रोजची रांगोळी, चैत्रातले चैत्रांगण, नागपंचमीला पाटावर गंधाने काढलेला नाग, दिवाळीतली लक्ष्मीची पावले, हे सारे काही कोणी शाळेत शिकविले नाही. आजीने ठिपके मांडावयाचे, नातीने उकिडवे बसून पाहावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात आपली छोटी रांगोळी काढून पाहावयाची. प्रात्यक्षिक आणि सराव, दोन्ही तेथे आलेच. चिमटीतून पीठ एकसारखे सोडीत न थरथरता रेघ ओढणे हे सोपे काम नव्हे. ज्या हाताला ते साधते, त्याला पेन्सिल जड जावयाचे कारण नाही.

तथापि या कलेला एक शाप होता. सकाळी काढलेली रेषा संध्याकाळपर्यंत पायाखाली जाई आणि दुसऱ्या दिवशीच्या सड्यात पुसली जाई. कालच्यापेक्षा आज हात सुधारला की बिघडला, हे ताडून पाहावयास काही शिल्लकच राहत नसे. आणि काढणारीचे नावही रांगोळीबरोबरच जाई. ठाणे-पालघरकडील वारली वस्त्यांत लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहावयाचा मान सवाष्णींचा. ही चित्रे शतकानुशतके त्यांच्याच हातची. १९७० नंतरच्या वर्षांत त्या वस्त्यांत कागद पोहोचला, आणि कागदावरच्या वारली चित्रांनी जगभर नाव मिळविले ते जिव्या सोमा मशे या पुरुष चित्रकाराने. त्यांची योग्यता मोठी होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती रास्तच. परंतु भिंतीवर लिहिणाऱ्या त्या असंख्य सवाष्णींची नावे आज कोणाला सांगता येतील? भिंत सारवली जाते, कागद राहतो. वहीचे महत्त्व येथे आहे.

शनिवारवाड्यातील शाळा

कागदावर, समोरचे पाहून, मापात चित्र काढावयाचे शिक्षण पुण्यात पेशवाईतच सुरू झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सवाई माधवरावांच्या काळी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यास होता. त्याच्या प्रयत्नाने जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार येथे आला, आणि १७९१ च्या सुमारास शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे वेल्सने काढलेले मोठे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

या मंडळींबरोबर काम करणाऱ्यांत एक मराठी माणूस विशेष पुढे आला. त्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट. आडनावच सांगते की घराणे तांब्यापितळेच्या कामाचे. त्याने १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, पहिलवान काढले, आणि मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे तयार केली. त्याची कितीएक रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात जपून ठेवलेली आहेत. त्याच्या रेषेत दोन शाळा एकत्र आल्या आहेत. काठ ठसठशीत राखावयाचा हा आपल्याकडचा वळसा, आणि खांब दूर जाताना लहान कसा दिसतो हे दाखविणारे पाश्चात्त्यांचे यथार्थदर्शन. दुसऱ्याचा हात पाहून आपला हात कसा तयार होतो, याचे हे आपल्या जिल्ह्यातले पहिले ठळक उदाहरण म्हणावयास हरकत नाही.

पुढे काय झाले? १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. नोव्हेंबरात तापाने वेल्स गेला. आश्रयदाता आणि शिक्षक एका महिन्याच्या अंतराने नाहीसे झाले आणि शाळेचा आधारच तुटला. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली इंग्लंडात पुस्तक काढले. गंगारामाचे नाव मात्र त्याच्या गावातच लोक विसरून गेले. आज ते आपणांस कळते ते केवळ त्याचे कागद टिकले म्हणून.

चिंचवडला आलेली चित्रकर्ती

यानंतर थोड्याच वर्षांनी, १८०९ साली, मराया ग्रॅहम नावाची चोवीस वर्षांची एक इंग्रज बाई मुंबईहून घाट चढून आली. कार्ल्याची लेणी पाहून ती पुण्याला गेली, आणि त्या प्रवासात आपल्या चिंचवडला थांबून तिने देवांचे दर्शन घेतले. मोरया गोसावींच्या वंशातील देव त्या वेळी अगदी लहान वयाचे होते, असे तिने लिहून ठेवले आहे. ती जाईल तेथे दोन गोष्टी करी. रोजनिशी लिही आणि चित्र काढी. या दोहोंतून तिचे हिंदुस्थानातील वास्तव्याचे पुस्तक १८१२ साली छापून निघाले, आणि त्यातील चित्रेही तिच्याच रेखाटनांवरून कोरलेली होती. पुढे ती चित्रकलेवर लिहिणारी लेखिका म्हणून प्रसिद्धीस आली.

तिच्या लिहिण्यात परक्याचा चष्मा आहे आणि तो मधूनमधून टोचतो, हे खरे. परंतु आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच की, पवनेच्या काठी त्या दिवशी दारोदार सुरेख रांगोळ्या असतील. त्या काढणाऱ्यांपैकी एकीचेही नाव उरले नाही, आणि एका परकी बाईचे उरले. तिचा हात आपल्या आयाबायांच्या हातापेक्षा चांगला होता म्हणून नव्हे. तिच्याजवळ वही होती, आणि ती घेऊन घराबाहेर पडावयाची तिला मोकळीक होती.

जे.जे. आणि अजिंठा

चित्रकलेच्या शिक्षणाची पक्की घडी बसली ती मुंबईत. सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ च्या मार्चमध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. शिक्षणाचा क्रम इंग्लंडातून आलेला होता. आधी सपाट नमुन्यावरून रेषा गिरवावयाच्या, मग प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश, आणि सर्वांत शेवटी समोर बसलेला जिवंत माणूस. हा क्रम रुक्ष होता, परंतु त्याने हात तयार केले.

या शाळेतील जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकाने विद्यार्थ्यांना चार भिंतींतून बाहेर काढून थेट अजिंठ्याला नेले. १८७२ पासून १८८५ पर्यंत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी त्या अंधाऱ्या लेण्यांत बसून भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करीत होते. पूर्वी रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून अशाच नकला केल्या होत्या; त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनजवळ आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सच्या मंडळींच्याही पुष्कळशा नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. उरलेल्या साहित्यावरून त्याने १८९६-९७ मध्ये दोन खंड काढले.

तेरा वर्षांच्या श्रमांची ही गत पाहून कोणाचेही मन हळहळेल. पण सारेच जळाले असे नव्हे. अजिंठ्याच्या रेषेमागून रेषा ओढताना त्या मुलांच्या हातांना जे वळण लागले, ते लंडनला पाठविलेले नव्हते. ते येथेच राहिले आणि पुढल्या पिढीच्या कामी आले. चित्र एखादे वेळी नष्ट होते, सराव वाया जात नाही.

मळवलीचा छापखाना आणि फळ्यावरचा खडू

आपल्या लोकलच्या मार्गावर लोणावळ्याच्या अलीकडे मळवली स्टेशन आहे. कार्ले-भाज्याला जाणाऱ्या भगिनी तेथेच उतरतात. राजा रविवर्म्यांचा १८९४ साली मुंबईत निघालेला रंगीत चित्रांचा छापखाना १८९९ मध्ये याच मळवलीला आला. तेथून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती घरोघर देवघरात आणि ओसरीवर जाऊन बसल्या. बायकांनी त्यांच्या वस्त्रांवर जर, टिकल्या आणि मणी शिवले. चित्राचा नाद असलेल्या मुलांनी त्या समोर ठेवून नकला केल्या. १९७२ साली हा छापखाना जळाला.

या चित्रांनी सामान्य घराला चित्र दिले, हा त्यांचा उपकार थोर आहे. मात्र छापील चित्राची नक्कल करून डोळा तयार होत नाही. कारण पाहावयाचे काम दुसऱ्याने आधीच करून टाकलेले असते. पितळी तांब्याची कड लांबट वर्तुळासारखी का दिसते, हे तांब्यासमोर बसल्याशिवाय कळत नाही.

हे काम शाळांतील ड्रॉइंगच्या मास्तरांनी केले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांमुळे गावोगावच्या मुलांपर्यंत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती असे विषय गेले. १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय वेगळे झाले आणि या परीक्षा आता त्याच्याकडे आहेत. आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेले पहिले प्रात्यक्षिक हे ड्रॉइंगच्या तासाचेच असते. मास्तर फळ्यावर खडूने एक उभी रेघ ओढतात, तिच्या दोन्ही बाजूंना सारखे वळण देतात, आणि बघता बघता तेथे सुरई उभी राहते. चाळीस मुले श्वास रोखून पाहत असतात. ती सुरई पुस्तकात छापलेली असती तर कोणी ढुंकून पाहिले नसते. ती होताना पाहिली, म्हणून ती आपल्यालाही काढता येईल असे वाटले.

चित्रकारांच्या लेकी

विसाव्या शतकात स्त्रियांसाठी दार किलकिले झाले. पण कोणाच्या घरचे? कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे.जे.त विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ पर्यंत विद्यार्थी व शिक्षक या नात्याने तेथेच राहिले. म्हणून आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. त्यांची कन्या अंबिका १९३१ साली त्याच शाळेची पदविका मिळवून बाहेर पडली. अशी पदविका घेणाऱ्या पहिल्या काही हिंदी स्त्रियांत तिची गणना होते. तिनेही आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्यांना ‘माझी स्मरणचित्रे’ म्हटले. गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद जे.जे.त शिकवीत; त्यांची कन्या अँजेला हीही चित्रकर्ती झाली.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. विद्यार्थ्यांसमोर माणूस बसवावयाचा आणि पहिल्या रेषेपासून शेवटच्या रंगापर्यंत काम करून दाखवावयाचे, ही शिकविण्याची रीत जे.जे.च्या आणि अशा खाजगी वर्गांच्या द्वारे महाराष्ट्रात रुजली. हळदणकरांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. कितीतरी लोक ते रविवर्म्याचे समजतात. १९४५-४६ च्या सुमारास त्या चित्रासाठी समई धरून तासन्‌तास उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता; लग्नानंतरच्या गीता उपळेकर. २०१८ साली कोल्हापुरात, शंभरी ओलांडून, त्या निवर्तल्या. जलरंगात चूक खोडता येत नाही. पांढरा प्रकाश रंगाने द्यावयाचा नसतो, कागद कोरा राखून द्यावयाचा असतो. तो प्रकाश त्या मुलीच्या चेहऱ्यावर किती संयमाने राखला आहे, हे चित्र पाहणाऱ्यास कळते.

या तिन्ही कन्यांचे एक साम्य लक्षात घ्या. चित्राची वही त्यांच्या घरात आधीपासून होती. वडिलांचा हात चालताना त्यांनी लहानपणापासून पाहिला. ज्या मुलींच्या घरी असे वडील नव्हते, त्यांना हे दार फार उशिरा उघडले. नागपूरजवळच्या बेला गावात १९३३ साली जन्मलेल्या बी. प्रभा नागपूर आणि मुंबई येथे शिकल्या, आणि कोळणी व कष्टकरी बायका हाच त्यांनी आपल्या चित्रांचा विषय केला. घरी परंपरा नसलेल्या मुलीला शिक्षक आणि शाळा मिळाली तर काय होते, हे त्यांनी दाखविले.

कारखान्यांच्या गावात

आता आपल्या भागाकडे वळू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले. शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. अशा ठिकाणी चित्रकलेचे काय काम, असे कोणी विचारील. वस्तुतः आपल्याइतका ड्रॉइंगवर जगणारा दुसरा गाव सापडणे कठीण. कारखान्यात ड्रॉइंगशिवाय एक बोल्टसुद्धा कापला जात नाही. जॉब ड्रॉइंगला बसला नाही तर तो बाद. नवा मुलगा लेथवर उभा राहतो तेव्हा उस्ताद त्याच्या हाती पुस्तक देत नाही. ‘बघ,’ म्हणतो आणि एक काप स्वतः घेऊन दाखवितो. आज ड्रॉइंगे संगणकावर होतात हे खरे, तरी नव्या गाडीची पहिली कल्पना अजूनही पेन्सिलीच्या चार रेघांतच कागदावर उतरते. पुण्याचे प्रसिद्ध जलरंगकार मिलिंद मुळीक हे शिक्षणाने अभियंतेच, हे येथे सांगण्यासारखे आहे.

मग घरातील कर्ता पुरुष आठ तास ड्रॉइंगवर काम करतो, मुलगा इंटरमिजिएटला बसतो, आणि गृहिणीने मात्र ‘आता या वयात काय!’ म्हणून बाजूला बसावे, हे कोणत्या न्यायाने? साऱ्या महाराष्ट्रातून, आणि त्यापलीकडूनही, आपण येथे राहावयास आलो. येताना प्रत्येकीने आपल्या माहेरची रांगोळीची रीत आणली. खानदेशची वेगळी, कोकणची वेगळी, सोलापूरकडची वेगळी. सदनिकांच्या दारांपुढे आता फरशीचा एक तुकडा उरला आहे. कित्येकींच्या दारांत तर छापलेली रांगोळी चिकटविलेली असते. आजीचे ठिपके आपण कोठेच उतरवून ठेवले नाहीत, तर आपल्या नातींना ते मिळावयाचे नाहीत. गंगारामाला दोनशे वर्षांनी लोकांनी ओळखले, कारण कागद होता. आपल्या आजीला ओळखावयास काय ठेवणार आहोत?

वहीचा परिपाठ

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. वर्ग भरवावयाचा तर तो या दोन जुन्या पायांवर भरवावा. महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या चित्रकाराला किंवा निवृत्त कलाशिक्षिकेला बोलावून तासभर प्रत्यक्ष चित्र काढून दाखविण्याची विनंती करावी. त्या वेळी तयार चित्रापेक्षा सुरुवातीची दहा मिनिटे नीट पाहावीत. वस्तू कागदावर कोठे बसविली, पेन्सिल हात लांब करून धरून माप कसे घेतले, कोणता भाग कोरा सोडला, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जाताना मध्ये किती वेळ थांबले. खरी विद्या या थांबण्यात असते, आणि ती पुस्तकात सापडत नाही.

उरलेले एकोणतीस दिवस वहीचे. वही लहान असावी, पिशवीत मावेल इतकी. थोर इटालियन चित्रकार लिओनार्दोही अशी छोटी वही नेहमी जवळ बाळगावी असेच सांगत असे. एक मऊ पेन्सिल पुरे. खोडरबर घरी ठेवावा. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि तिच्याशेजारी बरोबर रेघ काढावी, म्हणजे हात कोठे चुकतो ते कळते. रोज दहा मिनिटे, आणि विषय घरातलेच. खलबत्ता, दुधाची पिशवी, निवडायला घेतलेली मेथीची जुडी, झोपलेले मूल. रविवारी चारजणींनी मिळून मोरया गोसावींच्या समाधिमंदिराच्या घाटावर किंवा लोकलने मळवलीला जावे. प्रत्येक पानावर तारीख आणि स्वतःचे पूर्ण नाव घालावे. हे नाव घालणे विसरू नये. आपल्या आज्यांना ते कधी घालता आले नाही. आणि वहीची पहिली पाच पाने आपापल्या माहेरच्या रांगोळीसाठी राखावीत.

वहीतले पहिले चित्र चांगले येणार नाही. शंभरावे पहिल्यापेक्षा नक्की चांगले येईल, आणि ते आपल्याला ताडून पाहता येईल. पुढील वर्धापनदिनी मंडळाच्या टेबलावर दहा भरलेल्या वह्या मांडलेल्या असाव्यात, एवढीच इच्छा. त्यांना चौकटी नकोत, बक्षिसे नकोत. येणाऱ्याजाणाऱ्या लेकीबाळींनी त्या हाताने उलटून पाहाव्यात, म्हणजे झाले.